एअरबॅग वेळेला कामी यावी म्हणून : बसण्यापासून सेकंडहँड गाडीपर्यंतची क्रमवार तपासणी

नागपुरात गाडी घ्यायला गेलेला माणूस आजकाल पहिला प्रश्न विचारतो, "एअरबॅग किती?" सहा म्हटलं की समाधान. मग गाडी टेकडीच्या गणपतीपुढे उभी राहते, नारळ फुटतो, आणि आठवडाभरात सीटवर रेक्झिनचं कव्हर, डॅशबोर्डवर पितळेची मूर्ती आणि बंपरपुढे लोखंडी गार्ड बसलेला असतो. सहातल्या किती कामाच्या उरल्या हे कोणी मोजत नाही.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेकांची गडबड क्रमातच होते: आधी सीट कव्हर, मग बेल्ट, आणि आपण बसतो कसे हे कधीच नाही. सेकंडहँड गाडी बघायला निघाला असाल तर मात्र सहावा आणि सातवा टप्पा आधी वाचा.

एवढं एक डोक्यात पक्कं ठेवा. समोरून धडक बसल्यावर गाडीतल्या संगणकाने ती ओळखून बॅग पूर्ण फुगेपर्यंत साधारण 50 मिलिसेकंद जातात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात फुगायचं म्हणून बॅग ताशी 300 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येते, आणि फुगल्या क्षणापासून मागच्या छिद्रांतून वायू सोडत मऊ पडत जाते. तुमचं डोकं तिच्यावर पोचायला हवं ते ती फुगून झाल्यावर. आधी पोचलात, किंवा मध्ये काही वस्तू आली, तर वाचवणारी तीच बॅग मारते. अंतर आणि मोकळी वाट, या दोन गोष्टींसाठीच खालचा सगळा खटाटोप आहे.

## तयारी : अर्धा तास आणि घरातली माणसं

गाडीसोबत मिळालेलं पुस्तक शोधा. हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं मिळतं. आरसी बुक, मोजपट्टी आणि मोबाइलचा टॉर्च एवढं सामान पुरे. घरात जेवढे लोक ही गाडी चालवतात तेवढे सगळे हवेत, कारण नवऱ्याच्या मापाची सीट बायकोच्या उपयोगाची नसते. गाडी सपाट जागी, सावलीत उभी करा. मे महिन्यात हे काम सकाळीच उरका, अकरानंतर बेल्टचं बकल हातात धरवत नाही.

आता बॅगा कुठे आहेत ते शोधा. स्टेअरिंगच्या मधोमध, डावीकडच्या डॅशबोर्डवर कप्प्याच्या वरच्या बाजूला, पुढच्या सीटच्या पाठीवर दाराकडच्या कडेला, आणि काचांच्या वर छताच्या कडेच्या खांबांवर 'एअरबॅग' किंवा 'एसआरएस' अशी इंग्रजी अक्षरं उमटवलेली असतात. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यासाठी स्टेअरिंगखालीही एक असते. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढून ठेवा. पुढे सीट कव्हरवाल्याशी बोलताना हेच फोटो लागणार आहेत.

गाडी किती जुनी आहे त्यावरूनही अंदाज येतो. ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठीची सक्ती जुन्या मॉडेलांना डिसेंबर 2021 अखेरपर्यंत सवलत देऊन लागू झाली. सहा बॅगांचा नियम मसुद्यापर्यंत आला, पुढे ढकलला गेला, आणि सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या नागपूरचेच खासदार, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तो सक्तीचा करणार नसल्याचं सांगितलं. तेव्हा 'आता सगळ्यांत सहा असतातच' यावर विसंबू नका. अक्षरं शोधा, मोजा.

इशारा : ज्या गाडीत बॅग नव्हतीच तिच्यात बाहेरून बसवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. बॅग, सेन्सर, बेल्ट आणि संगणक त्या मॉडेलच्या धडक-चाचण्यांवरून एकमेकांशी जुळवलेले असतात. एखादा भाग आणून ठोकण्याचं हे काम नाही.

## टप्पा 1 : बसणं

1. कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवा. मध्ये पोकळी नको.
2. सीट मागे-पुढे करा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ऑटोमॅटिक असेल तर हेच ब्रेक दाबून बघा.
3. सीटची पाठ सरळ करत या. खांदे टेकलेले असताना हात पुढे केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडायला हवं.
4. सीटची उंची. बुटक्या माणसाला वर, उंच माणसाला खाली.
5. स्टेअरिंगचा कोन सगळ्यांत शेवटी. मधला भाग छातीकडे रोखलेला हवा, चेहऱ्याकडे नको.
6. आता मोजपट्टी घ्या. स्टेअरिंगच्या मध्यापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत किमान 25 सेंटिमीटर.

सहावी पायरी जवळपास सगळे वगळतात, आणि अडचण नेमकी तिथेच असते. उंची पाच फुटांच्या आत असलेल्या बायका बॉनेट दिसावं म्हणून अगदी पुढे सरकून बसतात. छाती आणि स्टेअरिंग यांत वीतभर जागा उरते. यावर घरोघरी सापडलेला उपाय म्हणजे पाठीमागे उशी, आणि तोच सर्वांत वाईट, कारण उशी माणसाला आणखी पुढे ढकलते. उलट करा. सीट जितकी वर येईल तितकी घ्या, स्टेअरिंग खाली करा, मग सीटची पाठ थोडी मागे झुकवा. पाय पेडलला टेकलेले राहतात आणि छाती मागे जाते. स्टेअरिंग पुढे-मागे होणारं असेल तर तेही आत ढकला. नवी गाडी घेताना सीटची उंची बदलते का, हे बॅगांच्या आकड्याइतकंच विचारण्यासारखं आहे. ते कोणी विचारत नाही.

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. एक हात वर, बाराच्या जागी ठेवून एका हाताने गाडी हाकायची आपल्याकडची ऐट बॅग उघडताना तोच हात स्वतःच्या तोंडावर आपटवते.

शेजारच्या सीटवरच्याने सीट जमेल तितकी मागे घ्यावी, पाय खाली ठेवावेत. समृद्धी महामार्गाने मुंबईला निघालं की 701 किलोमीटर सरळसोट रस्ता, एसीचा गारवा, आणि पुलगाव यायच्या आत शेजारच्याचे पाय डॅशबोर्डवर. ज्या झाकणावर ते ठेवलेत त्याच झाकणाखालून बॅग येते. गुडघा चेहऱ्यावर येतो, खुबा निखळतो. सीट आडवी करून झोपणंही तितकंच वाईट. बेल्ट छातीवरून सुटतो आणि माणूस त्याच्या खालून पुढे घसरतो. झोप आली असेल तर मागे जाऊन, बेल्ट लावून, बसल्या बसल्या झोपा.

तपासा : घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याचं अंतर 25 सेंटिमीटरच्या वर आहे ना? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा 2 : बेल्ट

एअरबॅगच्या नावातच 'पूरक' असा शब्द आहे, एसआरएसमधल्या पहिल्या एसचा तो अर्थ. ती बेल्टला पूरक आहे. बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागल्यापासूनच पुढे सरकायला लागतो आणि बॅग फुगत असताना तिच्यावर जाऊन आदळतो.

खालचा पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडांवरून, मांड्यांच्या मुळाशी. वरचा पट्टा खांद्याच्या मधून आणि छातीच्या मधून. गळ्याला घासत असेल तर दाराजवळच्या खांबावरचं बटण दाबून खाली घ्या, काखेखालून घालू नका. पट्ट्याला पीळ नको. लावल्यावर खांद्याकडचा भाग वर ओढून ढील काढा. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा पोटाच्या बाजूने घ्यायचा असतो. 'बाळाला दाबेल' म्हणून पट्टाच न लावणं बाळाला जास्त धोक्याचं.

पिंऽपिंऽ आवाज बंद करायला बकलमध्ये घालायची नकली क्लिप असेल तर आजच कचऱ्यात टाका. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती विक्रीतून काढायला लावली होती, तरी रस्त्यावर मिळते. बेल्ट पाठीमागून घेऊन बकल लावणारेही आहेत. दोन्हींत गाडीचा संगणक समजतो की माणूस बांधलेला आहे. बांधलेल्या आणि न बांधलेल्या माणसासाठी बॅग उघडण्याची मर्यादा पुष्कळ गाड्यांत वेगवेगळी ठेवलेली असते, म्हणजे तुम्ही त्याला चक्क खोटी माहिती देताय.

"बेल्ट नसला तर बॅग उघडतच नाही" असं ठामपणे सांगणारे खूप भेटतात. हे गाडीगणिक बदलतं. तुमच्या गाडीत काय होतं ते पुस्तकात बघा. उघडली तरी वर सांगितलेलं होणारच आहे.

मागच्यांनाही बेल्ट. मोटार वाहन कायद्याच्या 194 ब कलमात बेल्ट नसण्याला 1,000 रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. मागचा मोकळा माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्याला सीटसकट बॅगमध्ये दाबतो. पुढच्याने सगळं बरोबर करूनही.

## टप्पा 3 : मुलं

इथे सवलत नाही.

मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं ही आपल्या घराघरातली सवय. बॅग फुगते ती मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे मांडीवरच्या मुलाच्या डोक्यावर. आई आणि बॅग यांच्यात मूल सापडतं. दुसरं म्हणजे, ताशी 40 किलोमीटरच्या धडकेतही दहा किलोचं मूल हातात धरून ठेवण्याची ताकद कोणाच्याच हातात नसते.

1. बारा वर्षांपर्यंतचं मूल मागच्या सीटवर.
2. तान्हं बाळ मागे तोंड असलेल्या चाइल्ड सीटमध्ये, आणि ती सीटही मागेच. पुढे एअरबॅग चालू असताना अशी सीट कधीच बसवू नका. पुढच्या सावलीच्या पट्टीवर लाल गोलातलं बाळाचं चित्र याचसाठी असतं.
3. दुसरा मार्गच नसेल आणि शेजारची बॅग बंद करायचं कुलूप गाडीत असेल, तरच त्या कुलपाने बॅग बंद करून बाळाची सीट पुढे लावा. 'बॅग बंद' असा दिवा पेटलेला दिसला पाहिजे. मोठा माणूस परत बसला की पुन्हा चालू करा. हे विसरणारे पुष्कळ.
4. थोडं मोठं मूल पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये, त्याहून मोठं बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच करणाऱ्या बैठकीवर. वरचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर यायला लागला की बूस्टर काढा.

कायद्यातही 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर दंड चालवणाऱ्याला आहे.

तपासा : चाइल्ड सीट बसवल्यावर तळाशी धरून जोरात हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा.

## टप्पा 4 : बॅगची वाट मोकळी करा

तयारीत काढलेले फोटो घ्या आणि एकेका जागेसमोर काय काय आहे ते बघा.

डाव्या डॅशबोर्डपासून सुरुवात. तिथला गणपती, बुद्धमूर्ती, ताजबागेच्या दर्ग्याहून आणलेली फ्रेम, अत्तराची काचेची बाटली, मोबाइलचा स्टँड, सगळं काढा. ते झाकण उघडतं तेव्हा त्यावरची वस्तू शेजारच्याच्या तोंडावर भिरकावली जाते, मग ती पितळेची असो की काचेची. देव गाडीत हवाच असेल तर पातळ चिकटचित्र घ्या आणि झाकणापासून दूर लावा. मूर्ती मधोमध सरकवून भागतं असं वाटतं, पण शेजारची बॅग फुगल्यावर मध्यापर्यंत येते. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून मखमली मॅट अंथरतात, ती झाकणावर चिकटवलेली असेल तर तीही काढा. झाकण पुसायला ओलसर मऊ कापड पुरे.

स्टेअरिंगच्या मध्यावर चिकटवलेला चमकता लोगो, खडे, झालर, सगळं उतरवा.

खिडक्यांकडे या. वरच्या हँडलला हँगरवर कोट टांगू नका, पडद्यासारखी बॅग तिथूनच खाली उतरते. हुकला कपडा नुसता अडकवला तर चालतो, खिशात काही जड नसावं. शेजारी किंवा मागे दाराला टेकून झोपणाऱ्याचं डोकंही तिच्या वाटेत असतं. तीच गोष्ट खर्रा थुंकायला पळत्या गाडीतून खिडकीकडे वाकणाऱ्याची. त्याच्यावर आणखी बरंच बोलता येईल, पण विषय एअरबॅगचा आहे.

मांडीवर लॅपटॉप, डबा, पूजेचं ताट नको. संत्र्याची पेटी मागे डिकीत.

## टप्पा 5 : सीट कव्हर, गार्ड आणि बाकी हौस

सर्वांत जास्त बॅगा निकामी होतात त्या याच टप्प्यावर, तेही स्वतःचे पैसे देऊन.

सीट कव्हर. तुमच्या सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर ती बॅग सीटची शिवण फाडून बाहेर येते. वरून जाड रेक्झिन, दुहेरी शिवण आणि आत फोम आला की बॅगला बाहेर पडायला वेळ लागतो किंवा ती भलतीकडे निघते. बाजूच्या धडकेत दार आणि माणूस यांच्यात जेमतेम हातभर जागा असते, तिथे उशीर परवडत नाही. दुकानात हा संवाद ठरलेला आहे:

"एअरबॅगवालं कव्हर आहे ना?"

"हो भाऊ, हे बघा, लेबल लावलेलं आहे."

लेबल कोणीही शिवू शकतो. कव्हर हातात घ्या आणि उलटं करा. बॅगच्या जागी वीतभर शिवणीचा धागा बाकीच्यापेक्षा वेगळा, पातळ, सहज तुटणारा दिसला पाहिजे, किंवा ती बाजू सरळ उघडीच सोडलेली हवी. सगळीकडे एकच जाड नायलॉनचा धागा असेल तर ते लेबल शोभेचं आहे. त्यातही ती शिवण सीटवरच्या लेबलच्या अगदी समोर आली पाहिजे, चार बोटं मागे आली तरी उपयोग नाही. गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलं कव्हर महाग पडतं, पण इथे तेच घ्या. नाहीतर कंपनीचं कापड तसंच राहू द्या, घाण झालं की धुता येतं. साहेबांच्या गाडीतल्यासारखा पांढरा टॉवेल टाकायचा असेल तर नुसता टाका, बाजूने नाड्या बांधू नका.

बसवताना कारागीर सीटखाली हात घालून हुक ओढतो. तिथेच पिवळ्या रंगाचा प्लग असतो. पिवळा प्लग म्हणजे एअरबॅग किंवा बेल्टची वायर. तो हलला की मीटरवर दिवा लागतो. शेजारच्या सीटखाली माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सरही असतो, म्हणून जाड गादी नको.

पुढचा लोखंडी गार्ड. धडकेचे सेन्सर पुढे, रेडिएटरच्या आसपासच्या पट्टीवर असतात. बंपर आणि त्यामागचा भाग ठरावीक पद्धतीने चुरगळतो आणि त्यावरून संगणक धडक किती मोठी हे ठरवतो. गार्ड थेट चासीला जोडला की ते गणित बिघडतं. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं होतं. पादचाऱ्यासाठी तो काय करतो ते वेगळंच.

स्टेअरिंग आणि म्युझिक सिस्टीम. जाड, सरकणारं स्टेअरिंग कव्हर नको. बाहेरचं 'स्पोर्ट्स' स्टेअरिंग लावलं की ड्रायव्हरची बॅगच गेली. स्पीकरसाठी समोरच्या खांबाचं प्लास्टिक उघडायचं असेल तर आधी विचारा, आत पडद्याची बॅग आहे का? वायरिंगचं कुठलंही काम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून पुस्तकात दिलीय तितकी मिनिटं थांबावं लागतं, कारण तार काढल्यावरही संगणकात बॅग उडवण्याइतकी वीज थोडा वेळ साठलेली असते.

इशारा : पिवळ्या वायरला टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावणाऱ्या मेकॅनिकला तिथल्या तिथे थांबवा. तेवढ्याशा करंटनेही बॅग उडू शकते, आणि त्याचं डोकं नेमकं समोर असतं.

## टप्पा 6 : मीटरवरचा दिवा

बसलेल्या माणसासमोर फुगलेला गोळा असं या दिव्याचं चित्र असतं.

1. इंजिन चालू न करता इग्निशन ऑन करा.
2. दिवा लागला पाहिजे.
3. काही सेकंदांत तो विझला पाहिजे.
4. इंजिन चालू करून थोडं फिरून या. पुन्हा लागता कामा नये.

दिवा लागून राहिला किंवा लुकलुकत राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे, आणि पुष्कळ गाड्यांत अशा वेळी एखादी नाही, सगळ्याच बॅगा बंद ठेवल्या जातात. दिवा मुळात लागलाच नाही तर ते जास्त संशयास्पद. पुढच्या टप्प्यात त्याचं कारण येतं.

नेहमीची कारणं मोजकीच: सीटखालचा प्लग ढिला झालेला, बॅटरी उतरलेली, बेल्टच्या बकलमधला बिघाड, किंवा स्टेअरिंगमागची गुंडाळीची पट्टी तुटलेली. शेवटच्या कारणात बहुतेक वेळा हॉर्न किंवा स्टेअरिंगवरची बटणंही बंद पडतात, ते लक्षात ठेवून मेकॅनिकला सांगा. "काही होत नाही भाऊ, लाइट घालवून देतो" म्हणणारा फक्त नोंद पुसतो. मूळ दोष तिथेच असतो आणि दिवा परत येतो. दुरुस्तीआधी आणि नंतर, संगणकातली बिघाडाची नोंद वाचणाऱ्या स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मागा. आणि तो स्कॅनर एअरबॅगची नोंद वाचणारा हवा. स्वस्तातले पुष्कळ फक्त इंजिनचीच वाचतात.

उन्हाचं काय? नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी तापली म्हणून चांगली बॅग आपोआप फुटत नाही, तिला संगणकाकडून वीज मिळावी लागते. जुन्या गाड्यांतली एक भानगड मात्र खरी आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या काही बॅगांमधला अमोनियम नायट्रेटचा दारू-मसाला वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतो, आणि बॅग उघडताना तिची धातूची डबी फुटून तुकडे उडतात. जगभर कोट्यवधी गाड्या यासाठी परत बोलावल्या गेल्या, भारतातल्याही. आरसीवरचा 17 अक्षरांचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका. काम फुकटात होतं, पहिला मालक नसलात तरी.

## टप्पा 7 : सेकंडहँड गाडी घेताना

उघडलेली बॅग परत घडी करून बसवता येत नाही. नवीन बॅग, संगणक, ताणले गेलेले बेल्ट, डॅशबोर्ड असा सगळा खर्च मोठा होतो, म्हणून काही जण ती न बसवताच झाकण लावून गाडी विकतात. फसवायच्या तऱ्हा तीन: दिव्याचा बल्बच काढणं, तो दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडणं, किंवा बॅगच्या जागी छोटा रेझिस्टर लावणं, म्हणजे संगणकाला बॅग जागेवर आहे असंच वाटतं. तिसरी तऱ्हा दिव्यावरून कळत नाही.

1. दिवा वरच्याप्रमाणे तपासा. तो ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर अगदी त्याच क्षणी विझतो का बघा. एअरबॅगचा दिवा स्वतःच्या वेळेने विझतो.
2. स्टेअरिंगचं झाकण आणि डावा डॅशबोर्ड यांचा रंग, पोत, अक्षरं बाकीच्या प्लास्टिकशी जुळतात का? उन्हात उभं राहून बघा. नवं प्लास्टिक जुन्यात लपत नाही.
3. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खालच्या टोकाशी कापडी पट्टीवर बनवल्याची तारीख असते. गाडी 2018 ची आणि बेल्ट 2022 चा असेल तर का बदलला हे विचारा. बेल्ट अर्ध्यात अडकून राहत असेल तर तो धडकेत ओढला गेलेला असू शकतो.
4. सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढा, विम्याचा क्लेम झालाय का बघा.
5. रेझिस्टरचा संशय असेल तर शोरूमच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासून घ्या. विकणारा त्याला नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

नागपुरात यात आणखी एक भर. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घरांत घुसलं तेव्हा अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागात गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. एअरबॅगचा संगणक पुष्कळ गाड्यांत गिअरच्या आसपास, फरशीलगतच बसवलेला असतो, म्हणजे गाडीत पाणी शिरलं की आधी तिथे. सीटच्या रुळावरचा गंज, गालिच्याखालचा वाळलेला गाळ, पिवळ्या प्लगच्या खाचेत साचलेली माती आणि ओढलेल्या बेल्टवरची पाण्याची रेघ, या चार जागा बघा. गाडीला सुगंध जरा जास्तच मारला असेल तर काचा बंद करून उन्हात पंधरा मिनिटं ठेवा आणि मग नाक आत घाला.

## टप्पा 8 : धडकेनंतर

बॅग उघडली की मोठा आवाज होतो आणि आत पांढरी भुकटी पसरते. लोक तिला धूर समजून घाबरतात. ती बॅगची घडी सुटी राहावी म्हणून लावलेली पावडर आणि वायूसोबत आलेली राख असते. तरी गाडीतून खरोखरच धूर येत असेल तर थांबायचं नाही.

इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर लावा, बेल्ट सोडा, रस्त्याच्या सुरक्षित बाजूने उतरून रेलिंगपलीकडे जा. डोळे चोळू नका, पाण्याने धुवा. दम्याच्या माणसाला आधी बाहेर काढा. बॅगची धातूची डबी गरम असते, तिला हात लावू नका. 112 किंवा 108 ला फोन करा. कोणी अडकलं असेल आणि मान-पाठ दुखत असेल तर ओढाताण करू नका. न उघडलेल्या बॅगसमोर डोकं घालून मदत करू नका, ती अजून उघडू शकते.

'बॅग उघडलीच नाही' ही तक्रार बऱ्याचदा ट्रकच्या मागे घुसलेल्या गाड्यांत येते. समृद्धीवर किंवा आउटर रिंग रोडवर रात्री उभ्या ट्रकखाली गाडी शिरते तेव्हा बंपर ट्रकच्या खालून जातो, मार काचेला आणि छताला बसतो, आणि पुढच्या सेन्सरांना ती धडक वेळेत कळत नाही. मागून बसलेल्या धडकेत आणि नुसत्या उलटण्यात पुढच्या बॅगा बहुतेक उघडत नाहीत, त्यांचं ते कामच नाही. तक्रार करायचीच असेल तर गाडी न हलवता सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि दुरुस्तीआधी कंपनीकडून संगणकातली नोंद वाचून लेखी घ्या. दुरुस्तीनंतर ती मिळेलच असं नाही.

विम्याचं गणित आधीच माहीत असू द्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्यासोबत एअरबॅगवरही 50 टक्के घसारा कापतात, म्हणजे बॅगांच्या बिलाचा निम्मा भार तुमच्यावर. झिरो डेप घेतलं असेल तर हा घसारा लागत नाही. अंदाजपत्रकात बॅगेसोबत ओढले गेलेले बेल्ट, सेन्सर आणि पुस्तकात सांगितलं असेल तर संगणक, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. सर्व्हेअर 'बेल्ट ठीक आहे' म्हणाला तर तो ओढून दाखवायला सांगा.

गाडी ताब्यात घेताना बिलावर प्रत्येक सुट्या भागाचा नंबर हवा, रिकाम्या खोक्यांचे फोटो हवेत, उघडलेल्या जुन्या बॅगा डोळ्यांनी बघितलेल्या हव्यात आणि स्कॅनरचा शून्य-दोष अहवाल हातात हवा. मग इग्निशन ऑन करून सहाव्या टप्प्यातले चारही प्रकार वर्कशॉपच्या माणसासमोरच करा. दिवा लागून विझला की सही करा.